बागुलबुवांची भीती हरवली

हॅलो, हॅलो, माईक चेक. वैशाखरे, टोकावडे आणि पंचक्रोशीतल्या समस्त ग्रामस्थांना, माता-भगिनींना आणि घाटाकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या प्रवाशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की मुरबाड तालुक्यातला सर्वांत भित्रा माणूस आता आपल्यात राहिलेला नाही. त्यांच्या जाण्याने रिकामी झालेली जागा भरून काढण्याची कुवत असलेला एकही इसम सध्या नजरेत नाही. शहापूरकडे कोणी असल्यास त्याने त्वरित स्टेजजवळ येऊन भेटावं.

हे मी खरोखर माईकवर बोलणार होतो. मंडप आणि लाऊडस्पीकर हा माझा धंदा. लग्न असो, वाढदिवस असो, दहावा असो, बोलायला मीच. पण बुवांच्या शोकसभेत समोर त्यांची बायको, आमच्या काकी, बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघितलं आणि चार सरळ वाक्यं बोलून मी खाली उतरलो. उरलेलं इथे लिहून काढतो.

आम्ही त्यांना बागुलबुवा म्हणायचो, तोंडावर नुसतं बुवा. कारण लोकांना घाबरवणं हेच त्यांचं काम होतं. चैत्रात आमच्याकडे बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं मोठमोठे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचतात. ते मुखवटे बुवा करायचे. कागदाचा लगदा, त्यात मेथीचं पीठ, वर खडूचा पांढरा हात आणि मग रंग. त्यांची त्राटिका निघाली की रानात एकटे गुरं राखणारे बाप्ये बायकांच्या मागे जाऊन उभे राहायचे. आणि ही त्राटिका घडवणारा माणूस न्हाणीत पाल दिसली की टॉवेल गुंडाळून अंगणात थांबायचा, काकी झाडू घेऊन येईपर्यंत.

पाल ही सुरुवात झाली. बुवा रिव्हर्स घेणाऱ्या एसटीला भ्यायचे. गॅसवर कुकर चढला की ते अंगणात. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो उशीखाली दाबून ठेवायचे, वाजून वाजून गप्प होईपर्यंत. घरची म्हैस, जिला त्यांनी रेडकू असल्यापासून बघितलं होतं, तिच्या समोरून ते कधी गेले नाहीत. गोठ्याला वळसा घालून जायचे आणि वर म्हणायचे, "तिचा माझ्यावर डोळा हाय."

त्यांच्या उलट काकी. आळीत कुठे नाग निघाला की लोक काकींना हाक मारायचे. काकी काठीवर तो उचलायच्या आणि ओढ्यापलीकडे सोडून यायच्या, वाटेत कोणी भेटलं तर थांबून बोलायच्यासुद्धा, नाग काठीवरच. नवऱ्याविषयी त्यांचं मत स्पष्ट होतं. "ह्यांना मी सांगून ठेवलंय," त्या चारचौघांत म्हणायच्या, "यम आला तर आधी मला उठवा. तुमी एकटे दार उघडू नका." बुवा मान डोलवायचे. त्यांना ही व्यवस्था मान्य होती.

पण ह्या भित्रेपणात एक गोम होती, ती मला फार उशिरा कळली. एकदा मी विचारलं, "बुवा, महिषासुराचा एक डोळा मोठा आणि एक बारीक का?" तर म्हणाले, माळशेजच्या वळणावर समोरून एक डंपर आला होता, त्याचा एक दिवा पूर्ण पेटलेला आणि एक मरतुकडा. बुवा एसटीत खिडकीशी होते. घरी आल्यावर ताप, आणि ताप उतरल्यावर महिषासुर. रावणाचं मधलं तोंड हसरं होतं ते एका कंपाउंडरचं. तो सुई धरून गोड हसला होता. "रागावलेल्याला काय भ्यायचं? त्याच्या मनात काय हाय ते दिसतंच," बुवा म्हणाले. "हसणाऱ्याला भ्यावं." म्हणजे हा माणूस वर्षभर भ्यायचा ते फुकट जात नव्हतं. सगळं रंगात उतरत होतं. "मी भ्यालो नाय तं गाव काय भिणार रे?" हे त्यांचं एकमेव शास्त्र.

नवं वर्ष म्हणजे पाडवा, आणि पाडव्याला एक सोंग नवं, अशी आमच्या देवळाची रीत आहे. सगळे मुखवटे नव्हेत, आळीपाळीने एकच. त्याचा जुना रंग काचेच्या तुकड्याने पार खरवडून काढायचा, पांढरं करायचं आणि चेहरा पहिल्यापासून काढायचा. जुन्याची नक्कल चालत नाही. मी म्हटलं, वरून एक हात मारला तर काय बिघडलं? बुवांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या नैवेद्यात हात घातलाय. "जुन्यावर नवा चढवला तं खालचा तोंड दाबून हसतो," ते म्हणाले. "मुखवट्याचं सोपा हाय रे. पाण्यानं भिजवला की सुटतो रंग. डोका खरवडायला टाइम लागतो." म्हणून माघात ते काहीच काम करायचे नाहीत. स्टँडवर बसायचे, बाजारात फिरायचे, मिळेल त्याला भ्यायचे. मग पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या की नवं सोंग स्वतः चढवून देवळासमोर एक फेरी मारायचे. डोळे मिटून. उन्हात स्वतःची शिंगं असलेली सावली पडायची, तिला घाबरायचे. काकी हाताला धरून चालवायच्या.

एका दिवाळीनंतर बुवांच्या छातीत दुखलं. कल्याणच्या दवाखान्यात नेलं. मधे थोडा वेळ त्यांचं हृदय थांबलं होतं, डॉक्टरांनी पुन्हा चालू केलं. मी बघायला गेलो तेव्हा नर्स सुई घेऊन आली, आणि बुवांनी आपणहून दंड पुढे केला.

"बुवा, सुई आहे ती."

"दिसतंय ना."

"भ्या नाय वाटत?"

"मी जाऊन आलो रे माइकवाल्या," ते छताकडे बघत म्हणाले. "काय नाय तिथं. नुसता गारवा. पंखा बी नाय."

घरी आले ते असेच. पाल दिसली तर शेपटीला धरून बाहेर सोडायचे. म्हशीच्या कपाळावर हात ठेवून गप्पा मारायचे, म्हैस बावचळून जायची. अनोळखी नंबर आला की उचलायचे आणि समोरच्याची चौकशी इतकी करायचे, की तो फसवणारा कंटाळून फोन ठेवून द्यायचा. काकींनी मारुतीला नारळ फोडला. आळीत सगळे म्हणाले, बुवा सुधारले. मीही म्हणालो.

फाल्गुन लागला. त्या वर्षी महिषासुराची पाळी होती, आणि महिषासुर म्हणजे सगळ्या बोहाड्याचा कणा. देवी शेवटी त्यालाच मारते. बुवांनी डंपरचे डोळे असलेला तो जुना चेहरा खरवडला, पांढरा केला आणि समोर बसले. काही सुचेना. सुचेना म्हणजे काय ते मी बघितलं. त्यांनी चेहरा काढला, मला बोलावलं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. सुळे होते, शिंगं होती, लाल जीभ होती.

"पायलास?" बुवा म्हणाले. "लग्नातला मामा. ह्याला देवी मारल कशाला? चाय देईल."

पुसला. दुसरा काढला. तो आणखी प्रेमळ निघाला. तिसऱ्याला तर काकीच म्हणाल्या, "जावई म्हणून बरा हाय." बुवांना हसू आलं नाही. त्यांनी तोही पुसला, आणि मी पहिल्यांदा बघितलं की त्यांचा हात ब्रश धरताना स्थिर आहे. आधी तो कायम थोडा थरथरायचा. मला तो थरथरता हात पाहिजे होता. मी स्वतः माईक हातात घेतो तेव्हा पहिल्या वाक्याला माझे गुडघे हलतात, आणि ज्या दिवशी हलत नाहीत त्या दिवशी भाषण पडतं. हे मला बुवांकडे बघून समजलेलं आहे.

देवळाचे पाटील येऊन गेले. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. "बुवा, टाइम नाय आता," ते म्हणाले. "तुमची तब्येत बी अशी. नाय जमत तं सांगा. बाजारात फायबरचे मुखवटे मिळतात तयार. हलके असतात, धुता येतात." बुवा शांतपणे म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबा. पाडव्याला सोंग नाय निघाला तं मी परत रंगाला हात लावणार नाय. मग काय पायजे ते आणा." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पाटील खूश होऊन गेले. मी मात्र अंगणात उभा राहून घामाने भिजलो.

मग मी ठरवलं, बुवांची भीती शोधून आणायची. माझा मंडपाचा टेम्पो होता, बांबू उतरवले आणि बुवांना शेजारी बसवलं. पहिल्यांदा माळशेज. कड्याच्या टोकाशी बुवा उभे, खाली दरीत घारी फिरतायत, आणि हे वरून घारींच्या पाठी बघत शेंगदाणे खातायत. मी टेम्पोचं चाक धरून खाली बसलो होतो. मग भातसानगर. त्यांचा साडू धरणावर कामाला, त्याने आम्हाला वर नेलं. मी एकदा त्या पाण्याकडे बघितलं आणि साडूचा दंड धरला तो सोडलाच नाही. बुवांनी जांभई दिली. "मुंबई पिते ना रे हे सगळा? पिऊ दे." शेवटचा उपाय म्हणून शहापूरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र सुरू झालं तसे बुवा खुर्चीत झोपले. डॉक्टर म्हणाले, ह्यांचे दात छान आहेत, तुम्ही आ करा. माझी दाढ गेली.

परतताना माझा गाल सुजलेला, मला बोलता येत नव्हतं, म्हणून त्या रस्त्याला बुवा बोलले. मुरबाड मागे पडलं, पळस फुलले होते, आणि बुवा समोर बघत म्हणाले, "माइकवाल्या, एक सांगू? मला भ्या वाटत नाय, ह्याचा बी भ्या वाटत नाय. सोंग नाय निघाला तरी जेवन जाईल मला. समजतंय तुला?"

मला समजलं. मी टेम्पो बाजूला घेतला आणि थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. दाढ दुखत होती म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

पाडवा अगदी जवळ आला असताना एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर बुवा घरात नव्हते. काकी अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

"काकी, बुवा कुठंत?"

"गेले असतील हिंडाया. आता त्यांना कोन अडवतो? कुत्रा नाय, म्हैस नाय."

"कधी गेलेत?"

काकींचं सूप थांबलं. "चायच्या टायमाला," त्या म्हणाल्या. जेवणाची वेळ होऊन गेली होती.

आम्ही दोघं शोधायला निघालो. गावाच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर आहे. आतल्या पायऱ्या ढासळलेल्या, पाणी पार तळाला गेलेलं. तिथे कोणी उतरत नाही. पूर्वी बुवा त्या बाजूने जाताना डोळ्यांना आडवा हात धरायचे. विहिरीच्या काठाला त्यांच्या चपला होत्या. एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या.

काकींना धावताना मी कधीच बघितलं नव्हतं. नाग निघाला तरी त्या चालत जायच्या. त्या दिवशी त्या धावल्या, काठावर दोन्ही हात टेकले आणि आत वाकल्या. मी मागे होतो. मला त्यांची पाठ दिसली, खांद्यावरून घसरलेला पदर दिसला. त्यांनी हाक मारली नाही. तोंडातून शब्दच आला नसावा. माझंही पाऊल पुढे पडेना. आणि मग विहिरीच्या आतून, घुमत, बुवांचा आवाज वर आला.

"भ्यालो. अगो, मी भ्यालो."

ते पायऱ्यांवरून चार पायांनी वर आले. तळाशी एका दगडावर सकाळपासून बसले होते, भीती लागते का बघायला. लागली नव्हती. आता मात्र ओठ पांढरे, हात लटलट कापतायत, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत.

"काय होतं आत?" मी विचारलं.

"आत काय नाय रे," बुवा म्हणाले. "वर होता."

काकींनी पदर सारखा केला. वाकून एक चप्पल उचलली आणि विहिरीत टाकली. मग दुसरी उचलली आणि तीही टाकली. आणि घराकडे निघून गेल्या. बुवा अनवाणी, खडे टोचत, मागून.

त्या दिवसापासून काकींनी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायच्या, पण ताट असं आदळायच्या की बुवा दचकायचे. बुवा पुन्हा दचकायला लागले ह्याचा मला केवढा आनंद झाला, पण काकींच्या समोर दाखवायची सोय नव्हती. बुवांनी खोलीचं दार लावून घेतलं. आतून खरवडण्याचा आवाज यायचा. मी दाराबाहेरून विचारलं, "कसं काय?" तर म्हणाले, "माहीत नाय. मी निम्मा वेळ डोळे मिटूनच काढतोय. तू जा, मला भ्या वाटतंय."

पाडवा उजाडला. घरोघर गुढ्या, कडुनिंबाचा वास, देवळासमोर सगळं गाव. मी टेबलावर मशीन लावलं होतं, चिंचेच्या झाडावर भोंगे बांधले होते, तीन पाड्यांकडे तोंडं करून. टेबलाखाली पाटलांनी एक गोणी आणून ठेवली. मी पायाने चाचपली. आत शिंगं होती. फायबरचा आणून ठेवला होता, वेळप्रसंगाला. पाटील माझी नजर चुकवून गुढीकडे बघत राहिले. काकी दर वर्षी बुवांच्या हाताला धरून यायच्या. त्या वर्षी त्या आधीच येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या, हाताची घडी घालून.

बुवा एकटेच आले. टॉवेलखाली काहीतरी धरलेलं, चाल अडखळती. देवळाकडे तोंड करून त्यांनी सोंग चढवलं. संबळवाल्याने हात उचलला. बुवा आमच्याकडे वळले, आणि संबळ वाजलाच नाही.

महिषासुराला सुळे नव्हते. जीभ नव्हती. तोंड उघडं होतं, एखादं नाव घशाशी येऊन अडकावं तसं. डोळे मोठे, दोन्ही सारखे, आणि ते आमच्याकडे बघत नव्हते. आमच्या डोक्यावरून, आमच्या पलीकडे, खोल कुठेतरी काहीतरी शोधत होते. हा कोणाला घाबरवायला आलेला नव्हता. हा राक्षस स्वतःच भ्यालेला होता.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पहिल्यांदा मागे वळून बघितलं. मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळं गाव वळलं, मी वळलो, पाटील वळले. एवढा मोठा महिषासुर ज्याला भ्याला ते आमच्या मागे नक्की काय आहे ते बघायला. मागे रस्ता होता, रस्त्यावर ऊन होतं. एवढंच. आणि तरीही परत पुढे तोंड करायची कोणाची छाती होईना. एक पोर रडायला लागलं. पाटलांनी हळूच पायाने गोणी टेबलाखाली आणखी आत ढकलली.

मी हिंमत करून पुन्हा त्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावर बुवांनी एक हिरवा ठिपका काढला होता. महिषासुराला गोंदण कुठून आलं, असं माझ्या मनात आलं, आणि मी शेजारी बघितलं. काकींच्या कपाळावर कुंकवाच्या खाली तोच ठिपका. विहिरीवर मला फक्त पाठ दिसली होती. जे तळातून एकट्या बुवांनी बघितलं होतं ते आता सगळ्या गावासमोर उन्हात उभं होतं.

बुवा चार पावलं पुढे आले आणि थांबले. सोंगाच्या आत ते डोळे मिटून होते हे मला माहीत होतं. काकींच्या हातांची घडी सुटली. त्या टेबलाला वळसा घालून पुढे झाल्या, अगदी त्या चेहऱ्यासमोर, आणि वर मान करून बघत राहिल्या. मीही त्यांच्या मागोमाग गेलो होतो, हातातला माईक चालू आहे ह्याचं मला भान नव्हतं. त्यामुळे काकींनी इतक्या दिवसांनंतर नवऱ्याशी पहिला शब्द काढला, तो तिन्ही पाड्यांनी ऐकला.

"अवो, एवढी भ्याले व्हते मी?"